बोटाने फिरणारं हॅन्डल

कुणाचीही मोटारसायकल उभी दिसली की आत्या आधी तिचं हॅन्डल तपासायची. मांडवाबाहेर सजवून ठेवलेली नवरदेवाची गाडीही तिने सोडली नव्हती. "पुढचं चाक उचला रे," असं दोघांना सांगायची, हॅन्डलला बोट लावायची आणि ते आपोआप बाजूला पडलं तरच मान डोलवायची. त्या नवरदेवाला म्हणाली, "अडकतंय हां. बायकोला मागे बसवायच्या आधी मिस्त्रीकडे ने."

तिला ते कळायचं, कारण तिचं पोटच हॅन्डलवर होतं. उजवा पाय लहानपणी पोलिओत गेला. मोटारसायकलला मागे दोन चाकं लावून केलेली तिची तीनचाकी नव्वदच्या दशकात शहापूर ते मुरबाडच्या प्रत्येक आठवडी बाजारात ओळखीची होती. मागच्या पेटीत पेंढ्यात रचलेल्या काचेच्या बांगड्या. पायाचा ब्रेक हातावर घेतलेला. किक तेवढी तिला मारता येत नसे. मग बांगड्या भरून घेणाऱ्या एखादीच्या नवऱ्याला हाक जायची, "ए पाव्हण्या, लाथ घाल. गाडीला घाल, तिला नको." पाव्हण्यापेक्षा बायका जास्त हसायच्या.

तिच्या स्वतःच्या हातात एकही बांगडी नव्हती. "क्लचात अडकतात," म्हणायची. लग्न केलं नव्हतं. शहापूरला थोरल्या भावाकडे, म्हणजे माझ्या बाबांकडे राहायची. बाबांचं म्हणणं एकच, "बाजार पुरे. घरात बस. तुला काय कमी आहे?" तिचं उत्तरही एकच, "बसूनच तर करते."

मी लग्न होऊन मुरबाडला आले त्यानंतरची गोष्ट. सरळगावच्या अलीकडे आत्याची गाडी खड्ड्यात आदळली. तीनचाकी वळताना दुचाकीसारखी कलत नाही. सगळा ताण पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवर येतो. दोन्ही नळ्या वाकल्या, तेल गळायला लागलं. आता गाडी बंदच होणार असं वाटत असताना बाबा म्हणाले, "मी नेतो मिस्त्रीकडे." नवे फोर्क टाकून त्यांनी स्वतः गाडी दारात आणून उभी केली. पुढे कितीतरी दिवस आत्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होती, "आमच्या भाऊने केलं हो. बोलतो कडू, पण माया हाय."

त्यानंतर ती थकत गेली. आधी डोळखांबची चढण सोडली, मग किन्हवलीचा बाजार. मुरबाडला माझ्याकडे आली की खांदे चोळत बसायची. चहाची बशी दोन्ही हातांनी धरायची. "वय झालं गो. वळणावर गाडी माझं ऐकत नाय." पन्नाशीही आली नव्हती तिची. बाबा तिकडे जेवताना म्हणायचे, "मी सांगतच होतो."

एकदा माझ्या दारात नवऱ्याची मोटारसायकल उभी होती. आत्याने सवयीने तिचं हॅन्डल तपासलं. मी विचारलं, "तुझ्या गाडीचं बघितलंस का?"

"ते कशाला? भाऊने आणलंय करून."

दिसेल त्या गाडीला बोट लावणाऱ्या बाईने स्वतःची गाडी तपासली नव्हती. तपासली असती तर भावावर संशय घेतल्यासारखं झालं असतं.

नवऱ्याने इंजिनाखाली ओंडका सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं. आत्याने बोट लावलं. हॅन्डल हललं नाही. तळहाताने रेटलं तेव्हा करकरत थोडं सरकलं आणि तिथंच उभं राहिलं.

आम्ही तिघं शहापूरला त्याच मिस्त्रीकडे गेलो. त्याने वरचा नट ढिला केला, तरी चाक सरळ आलं की हॅन्डल एका जागी अडायचंच. इतकं आवळून ठेवलं होतं की हॅन्डल ज्यांवर फिरतं त्या आतल्या छर्‍यांनी खालच्या लोखंडी वाटीत खळगे पाडले होते. "वाटीच बदलायला लागेल," मिस्त्री म्हणाला.

"एवढं आवळलंस कशाला रे?" आत्याने विचारलं.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "भाऊंनीच सांगितलं, आत्या. कडक ठेव म्हणाले. दमली की बसेल घरी."

आत्या नवी वाटी बसेपर्यंत स्टुलावर बसून राहिली. मग उठून बोट लावलं. हॅन्डल डावीकडे पडलं, उजवीकडे पडलं. फोर्क धरून पुढेमागे हलवून बघितले, खटखट नव्हती. "हां," एवढंच म्हणाली.

बाबांच्या घरी ती परत राहायला गेली नाही. किन्हवलीत खोली घेतली, सुटलेले बाजार एकेक करून पुन्हा धरले. बाबांना तिने जाब विचारला नाही. मी विचारला. "काळजीपोटी केलं," ते म्हणाले, "रस्त्यात मेली असती म्हणजे?" वळणावर हॅन्डल फिरलं नसतं तर ती कुठे मेली असती, असं मी म्हटलं तेव्हा ते चपला घालून बाहेर पडले. त्या भाऊबीजेला ते टोपी घालून दुपारपर्यंत ओटीवर बसून होते. आत्या मुरबाडच्या बाजारात बांगड्या भरत होती.

पुढे काही वर्षांनी काविळीने ती गेली. गाडी बाबांच्या अंगणात आली. उंबरमाळीहून एक गृहस्थ पायाने अधू असलेल्या मुलीसाठी ती बघायला आले. मी त्या दिवशी माहेरीच होते. बाबांनी स्वतः इंजिनाखाली विटा लावल्या, पुढचं चाक उचलून घेतलं आणि हॅन्डलला बोट लावलं.

"बघा, आपोआप पडतंय. माझ्या बहिणीची गाडी. फार जपली."

गृहस्थ खाली वाकले. "फोर्क बदललेत वाटतं?"

"मीच बदलून दिले होते," बाबा म्हणाले. "बहीण होती ना."