हंगामातलं पोट

सोपान गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दुकानात एका नवरदेवाच्या डोक्यावर फेटा बांधत होतो आणि त्याच्या होणाऱ्या सासऱ्याची नक्कल करून गिऱ्हाइकांना हसवत होतो. साखर कारखान्याचा शिपाई दारात येऊन म्हणाला, "शेठ, सोपानराव गेले. पोटातला अल्सर फुटला." फेट्याचं टोक माझ्या हातातच राहिलं...

आता हंगाम संपलाय, कारखान्याचं धुराडं थंड आहे. खरं तर सोपानचं पोट बरं असण्याचे हे दिवस.

कोपरगावजवळच्या त्या कारखान्यात तो ऊसतोडणीच्या चिठ्ठ्या द्यायचा. चिठ्ठी मिळाल्याशिवाय कुणाचा ऊस तुटत नसे, आणि उभा ऊस वाळला की वजन घटतं. त्यामुळे कारखान्याचा जो तो सभासद शेतकरी त्याच्या मागे. तिकडे बॉयलर पेटला की इकडे याचं पोट पेटायचं. शांतावहिनींनी मिरची बंद केली, तेल बंद केलं, शेवटी मुगाच्या पाण्यावर आणलं, जळजळ तशीच! आणि उन्हाळ्यात बॉयलर विझला की हाच गृहस्थ माझ्यासमोर ठेचा-भाकरी चापून वर कैरी मागायचा. मी म्हणायचो, "लेका, तुला मिरची बाधत नाही, सभासद बाधतात."

डॉक्टरांनीही निराळं काय सांगितलं? सततच्या काळजीनं आम्ल वाढतं, आतून सूज येते, पचनाला मदत करणारे पोटातले जंतूही बिघडतात. ताक घ्या आणि काळजी सोडा. सोपान माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? माझ्या आतसुद्धा सभासद आहेत, आणि तेही नाराज!"

"गोदामात बदली माग," मी किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, "माझ्या जागी येईल तो निवांत जेवेल रे. त्याचीच भीती वाटते."

घरी जेवायला बसला की दारात माणसं. म्हणून मी त्याला दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांआड बसवू लागलो. पुढे माझं नाटक सुरू. "सोपानराव? ते शिर्डीला गेले, दर्शनाला!" एकदा एक शेतकरी म्हणाला, "व्हय का? मी बी तिथूनच आलो. मला न्हाई दिसले." मी म्हणालो, "गर्दी लई हुती." तो हसत हसत गेला. आतून सोपानचा ठसका.

पण एकदा एक म्हातारी आली. "पोरा, ऊस वाळून चाललाय. कवा यील तोडणीची टोळी?" मी तिला अशी काही शिर्डी रंगवून सांगितली की ती पायरी उतरूनही गेली. तेवढ्यात सोपान उष्ट्या हातानं धावत बाहेर आला, त्यानं तिला हाक मारून थांबवलं. परत येऊन ताटाकडे बघत म्हणाला, "तू नट झकास आहेस. पण तिचा ऊस खरा आहे." भाकरी तशीच राहिली. मला विचाराल तर आजही मी तिला परतच पाठवीन. एक अख्खी भाकरी त्याच्या पोटात जावी, एवढंच मला हवं होतं.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. सोपानचा भाऊ म्हणाला, "वहिनींचं आम्ही बघू." एक सभासद हात जोडून म्हणाला, "सोपानराव, आमी थांबू. आमचा ऊस ऱ्हाऊ द्या मागं." मग दुसरा, तिसरा... सगळे पिंडाभोवती दाटलेले. ते बघून मला हसू आलं.

"मंडळी, मागे सरा," मी म्हणालो. "समोर कुणी उभं असलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही."

माणसं पायऱ्या चढून वर गेली. मी वाकून म्हणालो, "सोपान, कुणी नाही आता. जेव."

मीही वर गेलो. थोड्या वेळानं कावळा उतरला. एक घास, दुसरा घास, मान वळवून इकडे-तिकडे बघत. त्याचं संपेपर्यंत मी कुणाला पायरी उतरू दिली नाही.