लाल दोऱ्याचा बोंबील

आलेखावर उतरल्याशिवाय जगात काहीच खरं घडत नाही, असं मानणारा माणूस माझ्या माहितीत एकच, आणि तो नेमका माझा मेहुणा निघावा हे माझं नशीब. हे गृहस्थ रेवदंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात. एका संस्थेने शाळेला वर्षाच्या बोलीवर आलेख काढणारे कॅल्क्युलेटर दिले आणि तेव्हापासून मला त्यांच्या घरी गरम चहा मिळाला नाही. कप समोर आला की आधी त्यात थर्मामीटर उतरायचा. "थांबा भावोजी, निवू दे. बघा, आधी भरभर उतरतंय, मग रेंगाळतंय." पडद्यावरची रेघ सगळ्या ठिपक्यांतून गेली की स्वारी खूश, आणि माझ्या चहावर साय.

मुलांनाही त्यांनी हेच वेड लावलं. कोळीवाड्यातल्या एका विद्यार्थिनीच्या अंगणात वाळत घातलेल्या बोंबलाला लाल दोरा बांधला. तिने रोज त्याचं वजन करायचं, वर्गाने ते कॅल्क्युलेटरमध्ये भरून जुळणारं समीकरण शोधायचं. कॅल्क्युलेटर शाळेत ठेवायचे की परत न्यायचे हे ठरवायला संस्थेचे साहेब आले, तेव्हा मेहुण्यांनी हाच आलेख मांडला. मीही कौतुकाने मागच्या बाकावर बसलो होतो. रेघ झकास उतरत आली आणि त्या सकाळचा ठिपका एकदम आभाळात. वाळता वाळता बोंबील चक्क लठ्ठ झाला होता.

"तो एक ठिपका वगळा, बाकी उत्तम बसतंय," साहेब म्हणाले. तेवढ्यावर भागलं असतं. पण मेहुणे म्हणाले, "पोरीने काट्यावर दिसलं ते खरं लिहिलंय. ते मी कसं वगळू? कारण शोधायला हवं." आणि अख्खा वर्ग घेऊन कोळीवाड्यात निघाले. साहेबांच्या सोबतीला उरलो मी. तिकडे उलगडा झाला. मुलीच्या आईनेच दोरा सोडून ताज्या बोंबलाला बांधला होता. "सायेब येनार, त्यांना काय ती वाळलेली काटकी दावायची व्हय?" ही वरात तिला घेऊन विजयी मुद्रेने परतली, तोवर साहेब अलिबागला निघून गेले होते. आठवड्याभरात कॅल्क्युलेटरही गेले.

परवा त्यांच्याकडे गेलो. चहा आला, वाफाळता. "घ्या भावोजी, गरम आहे," म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले. इतक्या दिवसांनी गरम चहा मिळाला, आणि तो प्यावासाच वाटेना. मला फार वाईट वाटलं. मी कप खाली ठेवला. "निवू दे जरा. थर्मामीटर कुठाय तुमचा? आणि चौकटीचा कागद असेल घरात?"

मेहुणे लगबगीने आत गेले, आणि कितीतरी वेळ कपाटाचे खण उघडल्याचे आवाज येत राहिले.