राजाबाईची दुसरी साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी प्रवचनाआधी साक्षीची वेळ असते. आठवड्यात प्रभूनं ज्याच्यासाठी काही केलं असेल, त्यानं उठून माइकवर सांगायचं आणि बाकीच्यांनी शेवटी मोठ्यानं ‘आमेन’ म्हणायचं. सतरंज्या अंथरणं माझ्याकडे असतं, त्यामुळे मी मागं दाराशी बसते आणि तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात. काही जणांना प्रभूपेक्षा माइकच जास्त प्रिय आहे, हे मी पाळकसाहेबांच्या तोंडावरही बोलले आहे. राजाबाई त्यातली नव्हती. तिला उठवायला दोन बायांना कोपरानं ढोसावं लागायचं.

राजाबाई कडक भाकरी करायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घराच्या पडवीत चूल, चुलीपुढं ती आणि तिची मुलगी सुकन्या. आई भाकरी थापून तव्यावर टाकायची, मुलगी भाजलेल्या भाकऱ्या निखाऱ्याच्या कडेनं उभ्या करून कडक करायची. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातला एक दुकानदार रोज येऊन माल घेऊन जायचा. राजाबाईची भाकरी मोडली की कटकन आवाज व्हायचा, आणि त्याचा तिला मोठा तोरा होता. एवढाच काय तो तिचा गर्व.

सुकन्याला लहानपणापासून फिट यायची. दवाखान्यातून गोळी सुरू होती, पण मधूनमधून ती खायची राहायची आणि फिट यायचीच. एका रविवारी पाळकसाहेबांनी तिच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. राजाबाई त्या दिवशी अशी रडली की मलाही हुंदका आवरेना. त्यानंतर तिनं पोरीचं सगळं काटेकोर धरलं. प्रार्थना वेळेवर आणि गोळीही वेळेवर. पावसाळा गेला, दिवाळी गेली, फिट आली नाही.

नाताळच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी तिला नाव घेऊन उठवलं. ती माइक दोन्ही हातांनी धरून म्हणाली, “प्रभूनं माझी पोरगी बरी केली.” हॉल दणाणला. टाळ्या, आमेन, हालेलुया. सुकन्या लाजून ओढणीत तोंड लपवून हसत होती.

खरं तर राजाबाईला खोटं बोलता यायचं नाही, आणि त्यानंच घात केला. घरी जाऊन तिनं विचार केला, देवाच्या घरात उभं राहून पोरगी बरी झाली म्हणून सांगितलं. आता तिला गोळी दिली तर ती साक्ष खोटी ठरते. तिनं गोळ्या डब्यात घालून डबा फळीवर वर ठेवून दिला.

मला कळलं तेव्हा मी तिच्या पडवीत जाऊन तिला चांगलंच झापलं. “अगं बाई, वेड लागलंय का तुला? आधी गोळी दे तिला.”

ती भाकरी थापतच म्हणाली, “ताई, बऱ्या झालेल्या माणसाला कुणी गोळी देतं व्हय?”

मी तशीच तडक पाळकसाहेबांकडे गेले, म्हटलं तुम्ही सांगा. ते म्हणाले, “बहीण, तिच्या विश्वासाच्या आड येऊ नका.” वर पुढच्या रविवारी प्रवचनात तिचंच उदाहरण दिलं. राजाबाई मान खाली घालून ऐकत होती आणि लहान पोरीसारखी खूश होती. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

फिट आली ती चुलीपुढंच. राजाबाई पीठ आणायला आत गेली होती. धपकन आवाज ऐकून बाहेर आली, तर सुकन्या निखाऱ्यांवर आडवी आणि उजवा हात चुलीत.

दवाखान्यात ती बरेच दिवस होती. जीव वाचला, हात गेला. म्हणजे हात आहे, पण बोटं एकमेकांना चिकटून आत वळली आहेत. पाळकसाहेब भेटायला आले, मनापासून प्रार्थनाही केली, आणि जाताना म्हणाले, “राजाबाई, कुठंतरी विश्वास डळमळला असेल, तुमचा नाहीतर पोरीचा, बघा.” सुकन्या जागी होती. तिनं सगळं ऐकलं. मी त्या माणसाला जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. परत आले तर राजाबाई पोरीला पदरानं वारा घालत बसली होती. देवाचा मलाच राग आला होता, तर तिला किती आला असेल!

उन्हाळा संपता संपता दोघी पुन्हा मंडळीत आल्या. साक्षीच्या वेळी राजाबाई आपणहून उठली. पाळकसाहेब म्हणाले, “आज वेळ कमी आहे.” तरी ती पुढं गेली. माइक त्यांनी दिला नाही, म्हणून तशीच बोलली.

“मागं मी हितंच उभं राहून सांगितलं, पोरगी बरी झाली. ती बरी झाली न्हवती. गोळी चालू हुती म्हणून फिट येत न्हवती. मी रडून मागितलं, ते प्रभूनं गोळीतनं दिलं हुतं. मला कळलं न्हाय. मी ते डब्यात घालून फळीवर ठिवलं. पोरीचा इश्वास कमी न्हवता. तिला कुणी तसं म्हणू नगा. चूक माझी हाय.”

मग तिनं सुकन्याला जवळ बोलावलं, पदराच्या गाठीतून गोळी काढून तिच्या जिभेवर ठेवली आणि पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली, कारण सुकन्याला एका हातानं झाकण उघडत नाही. राजाबाईनं सगळ्यांकडं पाहिलं.

“आमेन म्हणा की,” ती म्हणाली.

पाळकसाहेब गीतांच्या पुस्तकात पान शोधू लागले. टाळ्या वाजवणारे हात मांडीवर होते. सुकन्यानं गोळी गिळली, तोंड पुसलं आणि म्हणाली, “आमेन.”

मग मी दाराशी उभी राहून म्हणाले. तिसरं कुणी म्हणालं नाही.