पाय उचलला की थांबणारी कडबाकुट्टी

वैरण कापायच्या कडबाकुट्टीत माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, कारण मोटर बंद करायचं बटण लांब भिंतीवर होतं. दीर म्हणाले, "वहिनी, यंत्र विकून टाकू." मी म्हणाले, "यंत्र ऱ्हाईल भावजी. ते थांबवायचं कसं, ते मी बघते."

जखम भरल्यावर डाव्या हातानं चित्र काढलं. खाली पायानं दाबायची पट्टी, तिच्यावरचा पाय उचलला की मोटर बंद आणि चाकाला ब्रेक. रहिमतपूरचा वेल्डर ते बघून हसला. "आवं ताई, असलं जमत असतं तर कंपनीनंच केलं असतं की."

"कंपनीची बोटं गेली न्हाईत," असं म्हणून मी त्याच्या दुकानातच बसून राहिले.

शेवटी त्यानं काम हाती घेतलं. पहिल्यांदा स्प्रिंग तुटली. दुसऱ्यांदा चाक चार फेरे फिरूनच थांबलं.

"एवढं चालतंय," तो म्हणाला.

"चार फेऱ्यांत आख्खा हात जातो."

मग त्यानं जुन्या मोटारसायकलचा ब्रेक बसवला. मी पाय उचलला आणि चाक जागच्या जागी थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीनं म्हशींची वैरण कापली. दीर दारात उभे होते.

"मी कापू का?"

"कापा की. पण पाय कुठं ठेवायचा, ते आधी माझ्याकडनं शिकून घ्या."