माडी की मोरी

४ डिसेंबर. कडावच्या घराचा, मी संगणकावर कॅडमध्ये काढलेला नकाशा पीडीएफ करून मिस्त्रींना पाठवायचा होता, कारण सकाळी ते जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखणी करणार होते. पाठवला आणि लगेच त्यांचा फोन आला.

“ताई, मागच्या दारी एवढीशी माडी? आन् जिना कुठं हाय?”

“मोरी आहे ती, मिस्त्री.”

“मग मोरी लिवा ना. मी तिथं पायप टाकायचा का पायरी बांधायची?”

मोठं करून पाहिलं. मात्रा पुसली गेली होती आणि ‘र’चा ‘ड’ झाला होता. पीडीएफ होताना अक्षरांचं धूसर चित्र बनत होतं. ती सेटिंग बदलली, फाँट बदलला, तेव्हा अक्षरं स्वच्छ उमटली.

मिस्त्रींची रीत जुनीच. एकेका खोलीवर अंगठा ठेवून नाव मोठ्याने वाचायचं आणि खणण्याआधी ते फक्कीने जमिनीवर लिहायचं. “गड्यांना कळाया पायजे, देव कुठं बसनार नि पानी कुठं जानार.” मी हाताने नकाशे काढायचे तेव्हा माझी ‘री’ची वेलांटी खाली वळायची. ते हसायचे, “हे मांजराचं शेपूट कशाला?”

नवी पीडीएफ पाहून म्हणाले, “आता वाचता येतंय. पन शेपूट नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कडावला गेले. मागच्या दारी फक्कीने ‘मोरी’ लिहिलं होतं, वेलांटीच्या शेपटासकट. अक्षरावर पाय पडू नये म्हणून वळसा घेतला आणि पाण्याचा उतार तपासायला लागले.