सुभान पिंजारी हौदात उतरला

ज्वारी निवडत बसले होते. अर्धं सूप झालं तेवढ्यात दारात सुभान उभा. आमच्या निमोण्यात गाद्यांचा कापूस पिंजून देतो. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, पण अंगानं कडब्याच्या ताटासारखा.

"वहिनी, वस्ताद हायेत का?"

"तालमीत गेले. ही काय, भिंतीपलीकडं. जा की."

"जातो," म्हणाला आणि तिथंच उभा राहिला.

छाती भरावी म्हणून तालमीत निघालाय, हे मला ठाऊक होतं. दौंडला रेल्वेत खलाशांची भरती होती. तिथल्या डॉक्टरनं टेप लावली, छाती दीड इंच कमी भरली म्हणून परत धाडला. दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय, ती शेवटची खेप. कापसाच्या धुरळ्यानं त्याचे वडील खोकून खोकून गेले. आता सुभानही खोकतो.

"वस्ताद म्हनले, नव्या मानसाला कुनी हात लावत न्हाई, आधी नुसत्या बैठका. खरं का वो?"

"ह्यांचा शब्द हाय."

मी मारुतीरायाचं नाव घेऊन जा म्हणणार होते, तर तोच म्हणाला, "बिस्मिल्ला करतो आन् जातो."

"व्हय, जा."

पुढचं थोडं मी भिंतीआडून ऐकलं, राहिलेलं ह्यांनी जेवताना सांगितलं. हौदात, म्हणजे कुस्तीच्या लाल मातीत, हौशीराम पहिलवान उभा होता. सगळे बघायला लागले तसा सुभान भेदरला. तसाच हौदात उतरला आणि ईदला भेटतात तसे दोन्ही हात पुढं केले. त्यांच्यात ती भेटायची रीत. पण हौदात उतरून हात दिला की तालमीत ती कुस्तीची मागणी. मग मागं घेता येत नाही.

शड्डूचा आवाज आला आणि माझं सूप मांडीवरून कलंडलं.

"पिंजाऱ्यानं हौशीरामलाच कुस्ती मागितली," कुणी म्हणालं.

"हाडं गोळा करायला पोतं आना," दुसरा म्हणाला.

बाईमाणसाला आत जायची सोय नाही. मी नामस्मरण सुरू केलं, पण जीभ अडखळत होती.

सुभान म्हणे एवढंच बोलला, "मला भेटायचं हुतं ओ."

हौशीरामनं ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "हात दिलाय, तर पाठीला माती लागायलाच पायजे. पर हळू."

हौशीरामनं त्याला उचललं आणि तान्हं लेकरू पाळण्यात घालावं तसं मातीत ठेवलं. छातीवर पंजा ठेवून म्हणाला, "वस्ताद, जागा हाय हितं. भ्यानं दम कोंडून धरलाय नुसता. सोड की, सुभान्या."

मग बैठका काढायला लावल्या. अठराव्या बैठकीला खालीच बसला.

जाताना पाणी मागायला आला, तेव्हा तांब्या दातांवर वाजत होता.

"भ्या गेलं का?"

"न्हाई. उद्या जास्त वाटंल. आज म्हाईत तरी नव्हतं."

"मग येनार न्हाईस?"

त्यानं लाल माती लागलेली छाती चाचपली. "दीड इंच हाय वहिनी. न येऊन कसं चालंल? वस्तादांनी लंगोट शिवायला सांगितलाय."

दुपारच्या एसटीनं तो शिरूरला लंगोटाचं कापड आणायला जाणार आहे.