खिंडीतला दगड

वाडीतला गडी पलटणीत निघाला की घरची माणसं त्याला खिंडीपर्यंत पोचवायला जायची. जाणारा आपल्या रानाच्या बांधावरचा एक दगड उचलायचा, वर न्यायचा आणि खिंडीतल्या म्हसोबाशेजारी ठेवायचा. मग पलीकडं उतरून रहिमतपूरचं स्टेशन गाठायचा. नोकरी पुरी करून माणूस परतला की घराचा उंबरा ओलांडण्याआधी तो दगड खाली आणून बांधावर बसवायचा. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. रजेवर आलेला गडीसुद्धा त्याच्याकडं नुसता बघून पुढं जायचा. कुणी तिकडंच कामी आला, तर मात्र घरच्यांनी जाऊन तो उतरवायचा. ही रीत कुणी पाडली ते वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मोडायची तर कुणाची छाती नव्हती.

जोतीरामाच्या गुंडानं आपला दगड अडुसष्ट साली ठेवला. काळा, भोपळ्याएवढा, एका अंगाला पांढरी शीर.

"एवढा थोरला कशाला रं?" त्याची आई अंबूबाई म्हणाली.

"ल्हान आसला तर हुडकाय लागंल, आये," गुंडा हसला. मग बापाकडं वळला. "आबा, वाट तेवढी मोकळी ठिवा. येताना ह्यो डोक्यावर आसंल. पायाखाली बघता यायचं न्हाई."

जोतीरामानं मान हलवली. तो मुळातच कमी बोलणारा. पण एकदा हो म्हटलं की त्याचं हो म्हणजे हो.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली आणि तार आली. तारेत गुंडा मेला असं नव्हतं, बेपत्ता आहे असं होतं. शाळेच्या मास्तरांनी तो शब्द तीन वेळा समजावून सांगितला. जोतीरामानं त्यातून एवढंच घेतलं, की दगड उचलायचा नाही.

तेव्हापासून पाऊस सरला की तो कोयता घेऊन वाटेला लागायचा. वरच्या अंगाला घाणेरी आणि करवंदीची जाळी वाटेवर पसरायची, ती तोडायचा. पावसानं वाहून आलेले धोंडे बाजूला सारायचा. खाली शेतातली वाट दरसाल नांगरटीत मोडायची, ती चार-चार वेळा जाऊन-येऊन पायानं पुन्हा पाडायचा. शेजारच्या रानाच्या लालासाहेबानं विहिरीवर मोटार बसवली आणि वाटेवरच ऊस लावला, तेव्हा वाडीला वाटलं, आता कुऱ्हाडी निघणार. पण जोतीराम भांडला नाही. त्यानं आपल्याच शाळू ज्वारीच्या दोन ओळी मोडल्या आणि वाट आपल्या रानातून नेली.

"जोतीबा, सातबाऱ्यावर वाट लावून घे की गड्या," लोक चेष्टा करायचे. तो ऐकून घ्यायचा आणि कोयत्याला धार लावायचा.

बहात्तरच्या दुष्काळात सरकारी काम निघालं. डोंगर ओलांडून रस्ता करायचा होता. ओव्हरशियर नवखा माणूस. त्यानं विचारलं, डोंगराची माहिती कुणाला आहे? सगळ्यांनी जोतीरामाकडं बोट दाखवलं.

"खिंडीतनं सरळ काढला तर?" ओव्हरशियर म्हणाला.

जोतीरामाच्या डोळ्यांपुढं खिंडीतले दगड आले. तेव्हा तिथं नऊ होते. सुरुंग लागले असते, पहारी चालल्या असत्या, आणि दुष्काळी कामावरच्या माणसाला खडी फोडताना कुठला दगड कुणाचा हे कोण सांगणार?

"खिंडीत लय उभा कडा हाय सायेब. जमायचं न्हाई," तो म्हणाला. "डोंगराला वळसा घाला." आयुष्यात तो एवढं एकच खोटं बोलला.

रस्ता वळसा घालून गेला. जोतीराम आणि अंबूबाईनंही त्याच्यावर खडी फोडली. दगड वाचले म्हणून त्याला बरं वाटत होतं. आपण काय करून बसलो हे त्याला पंचाहत्तर साली कळलं, त्या रस्त्यानं यष्टी आली तेव्हा. बाजारला, तालुक्याला, सासर-माहेरला, सगळी वाडी यष्टीनं जायला लागली. पलटणीतले गडीही रस्त्यानंच येऊ लागले. नोकरी पुरी करून आलेला एखादा तेवढा उंबऱ्याबाहेर ट्रंक ठेवून दगड आणायला खिंडीत जायचा. रस्ता खिंडीतनं गेला असता तर निदान माणसांची जाग राहिली असती. एरवी वाटेवर पाय पडायचे ते एका जोतीरामाचे. माणसाच्या पायानं जी वाट आपोआप साफ राहायची, ती आता त्याला एकट्याला कोयत्यानं राखावी लागली. गुडघे दुखायचे, हातात काटे मोडायचे. अंबूबाई सुईनं ते काढायची. गुंडा आता यायचा नाही, हे तिला मनातून केव्हाच कळलेलं होतं. पण नवऱ्याच्या हातातला कोयता काढून घेतला तर तो आडवा होईल, याची तिला धास्ती वाटायची. म्हणून ती भाकरी बांधून द्यायची.

अठ्ठ्याहत्तरच्या माघात, भर दुपारी, एक माणूस खिंडीच्या वाटेनं उतरून आला. खाकी कोट, हातात ट्रंक, एका पायानं अधू. जोतीराम शाळू काढत होता. वाटेनं कुणी येताना दिसलं तशी त्याच्या हातातली ज्वारीची ताटं गळली. अंबूबाई बांधावर उभी राहिली. माणूस जवळ आला. गुंडा नव्हता.

"आबा, म्या मौला. सांगलीकडचा. गुंडाच्या पलटणीतला."

"यष्टी हाय की पोरा," जोतीराम म्हणाला. "पाय आसा आसताना ह्या वाटंनं कशाला आलास?"

"हीच वाट ठावं हाय मला. बोरीचं झाड, मग सपाट खडक, मग म्हसोबा. गुंडा रोज सांगायचा. पांढऱ्या शिरंचा दगड बी बघितला."

मौला बांधावर बसला. अंबूबाईनं पाणी दिलं. ते त्यानं हातात तसंच धरून ठेवलं.

"नदी वलांडताना गोळा पडला. त्याला लागल्यालं म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं, आबा. हात धरला व्हता. पाण्यानं वढून न्हेला. बॉडी गावली न्हाई, म्हनून कागदावर बेपत्ताच ऱ्हायला. पत्र लिवाय बसायचो, पर हात चालायचा न्हाई. औंदा पेन्शन झाली. म्हनलं, घरी जायच्या आदी हितं यायाच पायजे."

जोतीरामानं वाटेकडं बघितलं. मग म्हणाला, "सहा वर्सं मोकळी ठिवली. कुनीतरी आलं." आणि आडदांड देहाचा तो माणूस तोंडावर पागोटं धरून रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं खिंडीत गेली. म्हसोबापुढं नारळ फुटला. मौलानं पायताण काढून हात जोडले. जोतीराम दगड उचलायला वाकला, तशी अंबूबाईनं त्याला बाजूला सारलं. लुगड्याचा पदर गुंडाळून तिनं चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली.

"द्या हिकडं."

"आगं, बायामानसानं..." जोतीराम म्हणाला. "लय जड हाय."

"नऊ म्हैनं म्याच वागिवलाय त्याला. आता घरी बी म्याच न्हेनार."

दोघांनी मिळून दगड तिच्या डोक्यावर दिला. दोन्ही हातांनी तो धरून ती उतरायला लागली. मान ताठ, नजर समोर. मागनं मौला लंगडत होता, त्याच्या मागं जोतीराम. सपाट खडक गेला, बोरीचं झाड गेलं, लालासाहेबाचा ऊस गेला, मोडलेल्या शाळवातली पायवाट आली. अंबूबाईला एकदाही पायाखाली बघावं लागलं नाही. वाटेत एक काटा नव्हता.